गावाच्या नावाचं भाडं

लग्नकार्यात कोणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की आमचे हे हळूच बाजूला सरकतात. उत्तर लांबणार, हे त्यांना माहीत असतं. मी सांगते, "गावांची नावं घेऊन ठेवते." एकदा चुलत सासूबाई म्हणाल्या, "अगं, लग्नात नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं, गावाचं कशाला?" सगळे हसले, मीही हसले आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. असं पुष्कळदा राहून गेलंय. आता हे काम मी जवळजवळ सोडलंय, अंगात त्राण उरलेलं नाही, आणि नेमकं आत्ताच पुण्याच्या संपादकबाईंनी फोन करून "लिहाच" म्हणून सांगितलं. "आमची मराठी म्हैसूरची, अर्धी कानडी," म्हटलं, तर म्हणाल्या, "तशीच लिहा." तेव्हा मध्येच कुठे 'सुम्ने' आलं, तर 'उगाच' असं वाचावं. लष्कर मोहल्ल्यात आमच्या किती पिढ्या झाल्या कोण जाणे. कोणी पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोड्यावर होता म्हणतात. त्याची मराठी वाटेत कुठे कुठे सांडत आमच्यापर्यंत आली, ती एवढीच.

आधी धंदा काय ते सांगते. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला एक नाव लागतं, डॉट कॉमच्या आधी येतं ते. ते जगात एकालाच मिळतं, जो आधी मागेल त्याला. खरं म्हणजे ते विकत मिळतच नाही, वर्षाच्या भाड्यानं मिळतं. भाडं भरताय तोवर तुमचं. विसरलात, की थोडे दिवस तुमची वाट पाहून ते पुन्हा बाजारात जातं आणि तिसराच कोणी घेऊन जातो. काही लोक अशी नावं जमवतात, जशी काही लोक गावाबाहेर साइट, म्हणजे जमिनीचा प्लॉट, घेऊन ठेवतात. आमच्यातली मंडळी फक्त भूगोलाची नावं घेणारी. गाव, नदी, डोंगर, पेठ. एखाद्या दुकानाचं किंवा देवस्थानाचं नाव घ्यायचं नाही, सरकारी कचेरी असल्याचं सोंग आणायचं नाही, हे आमचे नियम. गावाचं नाव कोणाच्याही मालकीचं नसतं म्हणून ते घेता येतं, हे वाक्य मी कितीदा लिहिलं असेल. पुढे तेच मला टोचायला लागलं.

नाव घेतलं, की दोन वाटा असतात. एक तर तिथे गावाचं पान करायचं, बसच्या वेळा, लॉज, डॉक्टर असं सगळं घालायचं आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती घ्यायच्या. नाही तर काहीच न करता बसून राहायचं आणि ज्याला ते नाव हवंच आहे असा माणूस आला, की विकायचं. दुसऱ्या वाटेत पैसा जास्त. मी पहिल्या वाटेनं गेले.

मी रेल्वे स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात टेबलावर बसायची. चामुंडी, राजवाडा, सोमनाथपूर, रोज तेच. एकदा एका पाहुण्याला बैलकुप्पेला जायचं होतं, तिथले तिबेटी मठ बघायला. त्यानं माझ्यासमोर फोनवर गावाचं नाव टाईप केलं, तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत, आणि तिन्ही वेळा भलतंच काहीतरी उघडलं. "या गावाला दारच नाही का?" असं तो इंग्रजीत म्हणाला. मला ते लागलं. घरी येऊन मी त्या गावाचं नाव घ्यायला गेले, तर बरी स्पेलिंगं आधीच गेलेली. मी एक अक्षर जास्त असलेलं घेतलं. त्या दाराशी वर्षभर कोणी फिरकलं नाही. तरी मी शहाणी झाले नाही. आणखी घेतली.

घरात कोणाशी बोलायची सोय नव्हती. ह्यांनी रेल्वे वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला. हाताला लागत नाही ती वस्तू त्यांच्या हिशेबी नसतेच. म्हणून मी ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'ऊर हेसरू'. कानडीत ऊर म्हणजे गाव आणि हेसरू म्हणजे नाव. लिहायची इंग्रजीत, कारण असं काही करणारा माणूस शेजारच्या गल्लीत मिळणार नव्हता. पहिल्या लेखाला मथळा दिला, 'आणखी कोणी हे करतं का?' त्याखाली पहिलंच उत्तर आलं: "होय. पण तुम्ही चुकीचं करताय."

हे भास्करन. राहणार पालक्काड. आयुष्यभर एका विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करत हिंडलेले. आग लागली, पूर आला, लॉरी उलटली, की भास्करन जाऊन काय गेलं ते बघून येणार. निवृत्त झाल्यावर त्यांनी घाटांची, धबधब्यांची, थंड हवेच्या ठिकाणांची नावं घेतली होती. पान बिन काही नाही. नुसती धरून ठेवलेली. त्यांचं म्हणणं, "मेडम, तुम्ही गावाची सेवा करताय. त्याला गुंतवणूक म्हणू नका. वाचणारे फसतील." मी म्हटलं, "मग तुम्ही लिहा." आणि ते लिहायला लागले. खोटं सांगत नाही, ब्लॉग चालला तो त्यांच्या लेखांवर. कुठलं नाव का घेऊ नये, हे त्यांच्याइतकं रोखठोक कोणी लिहिलं नाही.

हळूहळू मंडळी जमली. नाशिकचे एक प्राध्यापक, हुबळीचा एक औषधांचा दुकानदार, कुठल्याशा परदेशी बेटांवरची एक विधवा बाई. सरकारनं इथल्या शहरांच्या नावांची स्पेलिंगं बदलली तेव्हा तर धमाल उडाली. आमच्याच शहराच्या नावातला शेवटचा 'ऊ' इंग्रजीत कुठल्या अक्षरानं लिहिणार, यावर पैजा लागल्या. हुबळीच्या दुकानदारानं एका शहराची सुचतील तेवढी सगळी स्पेलिंगं घेऊन ठेवली. सरकारनं ठरवलं ते सोडून सगळी.

हे मजेचं झालं. रोजचं काम वेगळंच होतं. सकाळी कॉफीचा पेला घेऊन बसायचं आणि आधी कचरा काढायचा. औषधांच्या, जुगाराच्या, झटपट कर्जाच्या जाहिराती लोक आमच्या लेखांखाली टाकून जायचे, त्या एकेक पुसायच्या. मग भांडणं सोडवायची. मग "कुठलं नाव घेतलं तर लवकर श्रीमंत होईन?" या प्रश्नाला पुन्हा तेच उत्तर लिहायचं. लोकांना वाटतं ब्लॉग म्हणजे लिहिणं. खरं म्हणजे ते झाडणं आहे. झाडून झाडून माझी कंबर गेली म्हटलं, तर हे हसतात. बसून कंबर जाते हे त्यांना पटतच नाही.

माझ्या नावांमधलं चाललेलं पान एकच, होळेकट्टेचं. टी. नरसीपूरच्या पुढे नदीकाठचं हे लहानसं गाव. आठवड्याचा बाजार, एक जत्रा, बाकी भात आणि ऊस. नाव मी घेतलं, पान केलं, खाली जाहिरातीसाठी माझा फोन नंबर घातला आणि काही दिवसांनी एक रागावलेला फोन आला.

"आमच्या ऊरचं नाव तुमच्याकडे कसं काय?"

हा नागेंद्र. बस स्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं आणि फोन रिचार्जचं दुकान. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. भाडं, नियम, जो आधी मागेल तो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अंदरे, म्हणजे आम्ही झोपलो होतो म्हणून तुम्ही घेतलंत."

"असंच समजा."

"मग बसची वेळ तरी नीट घाला. सकाळची गाडी बंद होऊन किती दिवस झाले!"

त्या दिवसापासून होळेकट्टेचं पान मी आणि नागेंद्र मिळून चालवायला लागलो. तो मला 'अक्का' म्हणायला लागला. डॉक्टर कधी बसतात, बाजार कुठल्या दिवशी, लग्नाचा हॉल कोणाकडे मिळेल, सगळं तो सांगायचा आणि मी घालायची. गाव म्हणजे तो आणि गावाचं दार म्हणजे मी, असं काहीतरी झालं. दाराशी कोणीही येतं. कोणी वीज गेल्याची तक्रार माझ्याकडे करायचं. एका आजोबांना पहाणीत, म्हणजे तुमच्याकडच्या सातबाऱ्यात, वडलांचं नाव दुरुस्त करून हवं होतं. मी कचेरी नाही हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "असू दे, तुम्ही लिहून तर घ्या." एक ज्योतिषी फोन करून म्हणाला, गावाच्या नावात एक अक्षर वाढवलं तर गावाची भरभराट होईल, आणि वाढवलेलं नाव त्यानं आधीच घेऊन ठेवलेलं होतं. मला विकायला.

मग तो पूर आला.

म्हैसुरात त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. पाऊस पडत होता तिकडे वायनाडात. कबिनी भरली, धरणाची दारं उघडली आणि पाणी खाली निघालं. नदीकाठच्या लोकांना हे नवं नाही. पण त्या वर्षी कावेरीलाही पाणी होतं आणि नरसीपूरच्या संगमाच्या खाली दोन्ही नद्या एकदम फुगल्या. दुपारी पहिला फोन आला, बेंगळुरूहून.

"होळेकट्टे आफीस का?"

"नाही हो, हे आफीस नाही."

"मग तुम्ही कोण? ऊरचं नाव टाकलं की तुमचाच नंबर येतोय."

त्याचे आईवडील तिथे होते, फोन लागत नव्हता. मी नागेंद्रला लावला. दहादा लावल्यावर लागला. "अक्का, दुकानात नीर आलंय. मी शाळेच्या माडीवर आहे," तो म्हणाला. मागे बायकांचे आवाज, भांड्यांचे आवाज. मी त्या माणसाच्या आईवडलांचं विचारलं. त्यानं तिथूनच हाक मारली. होते, शाळेतच होते. मी बेंगळुरूला उलट फोन केला. तो मोठा माणूस रडायला लागला.

त्यानंतर फोन थांबलेच नाहीत. बेंगळुरू, मंगळुरू, कोईमतूर, आखात. गावातून कामाला बाहेर पडलेली माणसं किती असतात, हे मला तेव्हा कळलं. टीव्हीवर नरसीपूर दिसत होतं, नंजनगूड दिसत होतं, होळेकट्टे कोण दाखवणार? त्यांनी गावाचं नाव टाईप केलं आणि दार उघडलं, तर आत मी. लष्कर मोहल्ल्यातली बाई, जिनं ते गाव आयुष्यात दोनदा पाहिलं होतं.

आम्ही पद्धत बसवली. नागेंद्रनं बीदीवार सांगायचं, म्हणजे गल्लीवार. कुंभार बीदीतले सगळे कल्याण मंडपात. देवळामागचे शाळेत. मी ते लगेच पानावर घालायची. ह्यांनी फोन उचलायचं काम घेतलं. हिशेबी नसलेल्या वस्तूचं काम. "हं, बोला, कुठली बीदी?" हा त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. वर्कशॉपमध्ये पाना मागावा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयम्मानं फोन केला. बेंगळुरूला एका हॉस्टेलात स्वयंपाक करणारी बाई. तिची आई दोणी बीदीत राहायची, नदीला अगदी लागून. दोणी बीदीतले सगळे निघाले होते, पण म्हातारी निघालेली नव्हती. दोन शेळ्या होत्या, त्या सोडून येणार नाही म्हणत होती. नागेंद्र आणि एक कोळी हरगोल घेऊन, म्हणजे ती वेताची गोल होडी, तिच्या दारापर्यंत गेले होते. म्हातारी आतून कडी लावून बसली होती. मी दोन्ही फोन एकमेकांना जोडून दिले आणि मध्ये गप्प बसून राहिले. ठेवता येत नव्हता, ठेवला तर दोघींचं बोलणं तुटलं असतं.

"अव्वा, दार उघड," जयम्मा म्हणाली. नागेंद्रनं फोन खिडकीशी धरला असावा.

"नी सुम्निरु! तू गप्प बस," आतून आवाज. "ही नदी मी लहानपणापासून बघतेय. येते, पायरी बघते, जाते."

"पायरी कुठाय अव्वा? ती माणसं होडीत उभी आहेत."

"मग बसू देत."

पाण्याचा आवाज येत होता, नुसता एकसारखा. शेळ्या ओरडत होत्या. नागेंद्रचा श्वास ऐकू येत होता. मग जयम्मा एकदम शांत आवाजात म्हणाली, "अव्वा, मी आता बसमध्ये बसते. पुढे रस्ता बंद आहे म्हणतात. मी पाण्यातून येते. तू खिडकीतून बघ."

"तुला पोहायला येतं का गं?"

"नाही येत."

आतून कडी काढल्याचा आवाज आला आणि म्हातारी म्हणाली, "आधी शेळ्या धरा रे."

त्या हरगोलात दोन माणसं, एक म्हातारी आणि दोन शेळ्या आल्या. कोळी शिव्या देत होता, त्याही मी ऐकल्या. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. हे विचारत होते, "आली का? आली का?" मी म्हटलं, "शेळ्यांसकट." त्याच संध्याकाळी त्या घराची नदीकडची भिंत बसली.

आणि त्याच संध्याकाळी भास्करनचा मेसेज आला. पान एवढे लोक बघताहेत हे त्यांना दिसलं होतं. त्यांनी लिहिलं, "याची नोंद जपून ठेवा. या नावाची किंमत सिद्ध करणारा असा पुरावा पुन्हा मिळणार नाही."

मी पेटले. ब्लॉगवर, सगळ्यांसमोर लिहिलं, "लोक बुडताहेत आणि तुम्हाला किंमत दिसते." त्यांचं उत्तर आलं, "मी जन्मभर पूर पाहिले आहेत. पाणी उतरल्यावर लोकांना विचारलं जातं, तुमचं काय गेलं ते दाखवा. ज्याच्याकडे दाखवायला काही नसतं त्याला काही मिळत नाही. मी नोंद ठेवा म्हटलं. पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं नाही. त्यानंतर भास्करननी 'ऊर हेसरू'साठी एक अक्षर लिहिलं नाही. ब्लॉगची गंमत तिथेच गेली. लोक येत राहिले, पण वर्गात मास्तर नसले की कसं होतं, तसं.

पाणी उतरलं. काही महिन्यांनी होळेकट्टेच्या नावाला गिऱ्हाईक आलं. नदीकाठी फार्महाऊसचे प्लॉट पाडणारी एक कंपनी. त्यांना नाव हवं होतं, पान हवं होतं, फक्त पानावरचा पुराचा सगळा मजकूर काढून टाकून हवा होता. रक्कम चांगली होती. ह्यांचे गुडघे तेव्हा फार दुखत होते, डॉक्टर शस्त्रक्रियेचं म्हणत होते. हे म्हणाले, "वीक की. किती दिवस फोन घेत बसणार?" कंपनीनं आधी भास्करनना विचारलं असावं, कारण त्यांचाही एका ओळीचा मेसेज आला: "दर बरा आहे. तुम्ही दमला आहात. विका."

दमले होते हे खरंच. पण सही करण्याआधी मी होळेकट्टेला गेले. नागेंद्रच्या दुकानात भिंतीवर पाण्याची रेघ कंबरेइतकी उंच होती. त्यानं स्टूल पुसून दिलं, कॉफी मागवली. मी सगळं सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "नाव तुमचं आहे अक्का. आम्ही कोण सांगणार?"

तो टोमणा नव्हता. म्हणूनच मला ते ऐकवेना. परत येताना बसमध्ये मी ठरवून टाकलं आणि त्या आठवड्यात होळेकट्टेचं नाव गावाच्या व्यापारी संघाला देऊन टाकलं. फुकट. सगळी किल्ली-कुलपं नागेंद्रच्या हाती. ब्लॉगवर लेख लिहिला. लोकांनी भरभरून कौतुक केलं. परदेशातल्या बाईंनी तर कविताच लिहिली. भास्करनचं उत्तर आलं नाही. ह्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, ते मात्र काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी एका दुपारी मी सुम्ने, सवयीनं, होळेकट्टेचं पान उघडलं. पान नव्हतं. पांढऱ्यावर एक ओळ होती, हे नाव दुसऱ्याचं आहे.

मी नागेंद्रला फोन केला. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. भाडं भरा म्हणून सांगणारे मेल त्या कामासाठी उघडलेल्या नव्या पत्त्यावर येत राहिले आणि तो पत्ता कोणी उघडतच नव्हतं. पुरानंतर दुकान पुन्हा उभं करायचं, मुलीचं लग्न, त्यात कोण मेल बघतो? "अक्का, माझ्याकडून घात झाला," असं तो सारखा म्हणत होता. मी त्याला म्हटलं, "असू दे रे." पण मला माहीत होतं, अशी सुटलेली नावं कोण उचलतं ते. जुगारवाले. आज ना उद्या होळेकट्टेच्या दारावर पत्ते आणि नाणी नाचणार. नव्या मालकाचं नाव झाकलेलं होतं. मी पुन्हा ते पान उघडलं नाही. धीरच झाला नाही.

बऱ्याच दिवसांनी भास्करनचा फोन आला. त्यापूर्वी आम्ही फोनवर फार तर दोनतीनदाच बोललो असू.

"मेडम, मी तुमच्या फोनची वाट पाहत होतो."

"कशासाठी?"

"होळेकट्टेसाठी. ते सुटणार हे मला तुम्ही दिलंत त्या दिवशीच माहीत होतं. मी पाळत ठेवली होती. सुटलं त्याच सकाळी घेतलं."

मी विचारलं, "कंपनीला विकलंत?"

"विकलं असतं तर तुम्हाला फोन केला असता का?" ते जरा चिडूनच म्हणाले. "आम्ही म्हैसूर बघायला येतोय. बायकोला राजवाडा बघायचाय. मला तुमच्याशी बोलायचंय."

ते आले. मी मनात धिप्पाड, मिशीवाला माणूस धरला होता. आले ते बारीक, वाकलेले, कानात यंत्र घातलेले गृहस्थ. मला आवाज थोडा चढवून बोलावं लागलं. ह्यांनी त्यांच्या मिसेसना बाग दाखवायला नेलं आणि आम्ही व्हरांड्यात बसलो.

"तुम्ही फुकट दिलंत म्हणून मला राग आला नव्हता," भास्करन म्हणाले. "एकट्या माणसाच्या आठवणीवर टाकलंत म्हणून आला. तो बिचारा चिखल काढणार, की मेल बघणार?"

"मग काय करायला हवं होतं?"

"पाच जणांचा हात लावायचा. जाहिरातवाल्या दुकानदारांकडून थोडं थोडं घ्यायचं, त्यातून भाडं भरायचं. ज्यानं स्वतः भरलंय तो विचारतो, भरलं की नाही?"

त्यांनी फोन काढला आणि नाव परत द्यायची तयारी आधीच करून आणलेली दाखवली. मी म्हटलं, "तुम्ही भाड्याचे भरलेले पैसे तरी माझ्याकडून घ्या." ते म्हणाले, "नंतर बघू." तो विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही. मग मी धीर करून म्हटलं, "त्या दिवशी तुमचा मेसेज मी नीट वाचला नव्हता." ते बागेकडे बघत राहिले. ऐकू आलं की नाही, कळलं नाही. थोड्या वेळानं ते आपल्याच नावांबद्दल बोलायला लागले. मुलांना त्यात रस नाही. घाट, धबधबे, सगळी एकेक करून सोडून देताहेत. भाडं भरायचं नाही आणि आपोआप सुटू द्यायचं. "पहिलं सोडलं तेव्हा वाईट वाटलं," म्हणाले. "आता बरं वाटतं. खोली रिकामी होत गेल्यासारखं." मी समजले. मलाही तसंच करावंसं वाटत होतं, फक्त कोणी तरी आधी करायला हवं होतं.

ते गेल्यावर मी 'ऊर हेसरू'वर शेवटचा लेख लिहिला. छोटासाच. नवीन लोकांनी काय घेऊ नये, एवढंच. खाली लिहिण्याची सोय बंद केली. सकाळी कॉफी प्यायला बसले की हात अजून कचरा काढायला जातात.

होळेकट्टेच्या व्यापाऱ्यांनी पाच जणांची समिती केली. नागेंद्र त्यात आहे, एक खतवाला आहे, भांड्यांच्या दुकानाची मालकीण आहे. त्यांच्यात भांडणं चालतात असं ऐकते. मी जात नाही. नाव त्यांच्याकडे गेल्यावर पहिल्यांदा भाडं भरायची वेळ आली, तेव्हा मात्र मला स्वस्थ बसवेना. सकाळी लवकर आंघोळ उरकून मी कॉम्प्युटरसमोर बसले. ते विसरले तर आपण भरून टाकू, कोणाला सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. कार्ड काढून समोर ठेवलं. चष्मा घातला.

तेवढ्यात फोन वाजला. नागेंद्र.

"अक्का, सुम्ने सांगायला फोन केला. हेसरूचं भाडं कालच भरलं. भांडीवाल्या बाईंनी आम्हाला स्वस्थ बसूच दिलं नाही."

"बरं केलंत," मी म्हटलं.

"तुम्ही काय करताय?"

"काही नाही," मी म्हटलं आणि कार्ड पर्समध्ये परत ठेवलं.